रुग्णालयात आध्यात्मिक आधार कसा द्यावा: स्वयंसेवक, परिचारिका आणि नातेवाइकांसाठी

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला औषधांखेरीज आणखी काय हवंय, हे बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही. विचारलं जातं ते अगदी शेवटी, डॉक्टरांनी "आता कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या" म्हटल्यावर. तोवर रुग्णाची बोलायची ताकद संपलेली असते, घशात नळी असते आणि गावाहून निघालेली माणसं अजून वाटेत असतात. या कामातल्या बहुतेक चुका उशिरा विचारल्यामुळे होतात, उरलेल्या न विचारता गृहीत धरल्यामुळे.

अमेरिका-युरोपातल्या मोठ्या रुग्णालयांत या कामासाठी चॅप्लेन नावाचं पगारी पद असतं. १९२५ मध्ये अँटन बॉयसन यांनी अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना थेट रुग्णांजवळ बसवून शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून या कामाचं रीतसर प्रशिक्षण उभं राहिलं. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या दिवसांत काळजी घेणारी संस्था) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी शरीराचं, मनाचं, घरच्या परिस्थितीचं आणि श्रद्धेचं दुखणं वेगवेगळं काढता येत नाही, ही गोष्ट डॉक्टरांच्या गळी उतरवली. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात चॅप्लेनचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस चालतं. महाराष्ट्रातल्या बाकीच्या रुग्णालयांत मात्र हे काम वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक, वॉर्डातल्या सिस्टर, समुपदेशक, पॅलिएटिव्ह केअरची (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपचारांची) टीम आणि स्वयंसेवक यांच्यात विखुरलेलं असतं. त्यामुळे आपलं काम कुठवर, हे ज्याचं त्याने ठरवावं लागतं.

खाटेजवळ जाण्याआधी

थेट रुग्णाकडे जाऊ नका. आधी सिस्टरच्या टेबलाशी थांबा आणि पाच गोष्टी विचारून घ्या: रुग्ण शुद्धीवर आहे का, त्याला तोंडाने काही द्यायला बंदी आहे का, संसर्गामुळे वेगळं ठेवलंय का, ऐकू नीट येतं का, आणि आपल्या आजाराबद्दल त्याला कितपत माहिती आहे. शेवटचा प्रश्न विसरलात तर "कॅन्सर" हा शब्द रुग्ण पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकेल.

सकाळच्या राउंडची, ड्रेसिंगची आणि जेवणाची वेळ टाळा. दुपारी तीन-साडेतीनची वेळ बरी, कारण भेटायला येणाऱ्यांची गर्दी अजून सुरू झालेली नसते. घड्याळ, कडं, अंगठ्या काढून ठेवा. हाताला सॅनिटायझर लावून तो वाळेपर्यंत, म्हणजे २० ते ३० सेकंद, हात चोळा. हात दिसण्याइतके मळलेले असतील तर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद धुवा. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी वॉर्डात जाऊच नका. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला साधी सर्दीही झेपत नाही.

खाटेवर बसू नका. खुर्ची किंवा स्टूल ओढून, रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर, त्याला चांगलं ऐकू येतं त्या बाजूला बसा. उभं राहून बोलणारा माणूस राउंडला आलेल्या डॉक्टरासारखा वाटतो आणि रुग्ण विचारलं तेवढंच उत्तर देऊन मोकळा होतो. पहिली भेट १५ मिनिटांची पुरे. अतिदक्षता विभागात पाच.

पहिलं वाक्य साधं असावं: "नमस्कार काका, मी इथल्या आधार गटातून आलोय. औषधाचं, बिलाचं काही काम नाही. पाच मिनिटं बसू का? नको असेल तर सरळ नको म्हणा." हे शेवटचं वाक्य मनापासून म्हणा. सुई, तपासणी, पथ्याचं जेवण, यातल्या कशालाही रुग्णाला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला नाही म्हणता आलं तर त्याच्या हातात काहीतरी परत येतं. तो नको म्हणाला तर "बरं, परवा या बाजूला येईन तेव्हा डोकावतो" म्हणून निघा आणि परवा खरोखर डोकावा. नको म्हटल्यावरही जो परत येतो, त्याच्याशी माणसं बोलतात.

काका, आजी, मावशी, दादा यांपैकी काय म्हणायचं ते वयावरून ठरवून टाकू नका. "तुम्हाला घरी काय म्हणतात?" असं विचारा.

काय विचारायचं

"तुमचा धर्म कोणता?" याने सुरुवात करू नका. तो केसपेपरवर असतो आणि त्यावरून फारसं काही कळत नाही. अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ मध्ये सहकाऱ्यांसोबत 'फिका' नावाची प्रश्नांची पद्धत तयार केली. तिचे टप्पे चार: श्रद्धा कशावर आहे, तिला आयुष्यात किती महत्त्व आहे, सोबतीला कुठला समाज किंवा गट आहे, आणि उपचार करताना आम्ही तिची दखल कशी घ्यावी. आपल्या वॉर्डात हे प्रश्न असे विचारता येतात:

"कठीण वेळ येते तेव्हा तुम्हाला कशाने धीर येतो?"
"रोजचं काही करत होता का? इथं आल्यापासून काय राहून गेलंय?"
"कोणाला भेटावंसं वाटतंय? कोणाला बोलावू का?"
"तुमच्या बाबतीत आम्ही अमुक गोष्ट करू नये, असं काही आहे का?"

दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त उघडतो. पारायण अर्धवट राहिलं, एकादशी मोडली, नवस फेडायचा राहिला, रोजा सुटला, रविवारची मिस्सा चुकली, अशी उत्तरं येतात. ज्याला देवधर्म मान्य नाही तो सांगतो की नातीला रोज गोष्ट सांगायचो, ती राहिली. तेही याच कामात मोडतं. त्या नातीचा फोन जोडून द्या.

राहिलेल्या गोष्टीवर आपला निवाडा देऊ नका. "त्यात काय, देव समजून घेतो" हे वाक्य तुमच्या समाधानासाठी असतं. त्यापेक्षा विचारा, "घरात दुसरं कोणी ते पुरं करू शकेल का? कोणाला विचारलं तर तुमच्या मनाचं समाधान होईल?" मग गुरुजी, महाराज, मौलाना, फादर, भन्ते यांच्यापैकी रुग्ण ज्याचं नाव घेईल त्याला फोन लावून द्या. नवस मुलाने फेडला तर चालतो का, हे ठरवायचा अधिकार त्या माणसाला आहे.

विचारलेलं कागदावर उतरवलं नाही तर रात्रपाळीपर्यंत हरवतं. सिस्टरच्या परवानगीने फाइलमध्ये चार ओळींची नोंद ठेवा: "आजी माळकरी, अंडं नको. माळ काढावी लागली तर आधी सुनेला कळवा. शेवट जवळ आला तर हरिपाठ हवा. मुलगा नगरहून येतो, चार तास लागतात." यातले चार तास महत्त्वाचे आहेत. त्यावरून निरोप कधी द्यायचा ते ठरतं. रुग्णाने खासगीत सांगितलेलं मात्र नोंदीत लिहू नये.

ऐकताना

"माझ्याच वाट्याला का आलं हे?" असं रुग्ण विचारतो तेव्हा त्याला कारण नको असतं. प्रारब्ध, मागचा जन्म, देवाची परीक्षा यांतलं कुठलंही उत्तर देऊ नका, तुमचा त्यावर कितीही विश्वास असो. कर्माचं फळ म्हटलं की आजाराचा दोष रुग्णाच्याच डोक्यावर बसतो. लहान मूल आजारी असेल तर तो आईच्या डोक्यावर बसतो, आणि घरचे तिला ते आधीच ऐकवत असतात. "हे कधीपासून मनात येतंय?" एवढंच विचारा आणि थांबा. दहा-पंधरा सेकंद कोणीच बोललं नाही तरी चालेल. ती शांतता असह्य होऊन बोलणारा बहुधा स्वयंसेवकच असतो.

"सगळं ठीक होईल" म्हणू नका. रडणाऱ्याला "रडू नका" म्हणू नका. पाण्याचा पेला जवळ ठेवा आणि बसून राहा.

दुखत असेल तर आधी सिस्टरला बोलवा, कारण वेदनेत माणूस कशाचाच विचार करू शकत नाही. काही जण दुखणं अंगावर काढतात, कारण भोगून संपवलं तर पुढे भोगावं लागणार नाही अशी त्यांची समजूत असते. तिच्याशी वाद घालू नका, पण डॉक्टरांना सांगा आणि रुग्णाला विचारा, "दुखणं कमी असताना नामस्मरणात मन जास्त लागतं का?" बहुतेकांचं उत्तर हो असतं आणि मॉर्फिनसारख्या तीव्र वेदनाशामकाला असलेला नकार तिथे सैल होतो.

दोन गोष्टी गुपित ठेवायच्या नसतात. एक, "मला संपवायचंय" असं बोलणं. ते त्याच वेळी सिस्टर आणि डॉक्टरांना सांगा, आणि सांगणार आहात हे रुग्णालाही सांगा. नातेवाइकांपैकी कोणी असं बोलत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या. दुसरी, अचानक सुरू झालेली असंबद्ध बडबड किंवा भास. गेलेली आई दारात उभी दिसते असं मरणासन्न माणसं सांगतात आणि त्यांना त्याची भीती वाटत नसेल तर वाद घालायचं कारण नाही. पण सोडियम घसरल्याने, संसर्गाने किंवा औषधानेही भास होतात, म्हणून डॉक्टरांच्या कानावर ते गेलंच पाहिजे.

"त्यांना काही सांगू नका हं," असं घरचे दाराबाहेर गाठून बजावतात. निदान सांगणं हे तुमचं काम नाहीच. पण खोटंही बोलू नका. घरच्यांना विचारा, "सांगितलं तर काय होईल अशी भीती वाटते?" ती भीती डॉक्टरांपुढे मांडायला त्यांना मदत करा. रुग्णाने तुम्हालाच विचारलं तर म्हणा, "तुम्हाला काय वाटतंय? डॉक्टरांकडून किती जाणून घ्यायला आवडेल?" आणि त्याचं उत्तर डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. "मला त्या नळ्या नकोत" असं रुग्ण स्पष्ट म्हणत असेल तर तेही पोहोचवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने अशी इच्छा लेखी नोंदवण्याला मान्यता मिळाली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते.

विधी आणि वॉर्डाची सुरक्षितता

इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात आणि बहुतेक टाळता येतात. "इथं असलं काही चालत नाही" म्हणून मोकळं होण्याऐवजी काय चालेल ते सांगा.

ज्योत कधीही नाही. ऑक्सिजन सुरू असलेल्या खाटेच्या आसपास गादी, चादर, केस सगळंच नेहमीपेक्षा लवकर पेट घेतं आणि झपाट्याने जळतं. निरांजन, उदबत्ती, कापूर यांतलं काहीही नको. सॅनिटायझरने ओल्या हातांनी काडी ओढणं तर आणखी धोक्याचं. बॅटरीची पणती ठेवा, किंवा दिवा घरी लावून तो व्हिडिओ कॉलवर दाखवा.

अंगारा, भस्म, बुक्का, हळद-कुंकू ही पूड आहे. गळ्याला भोक पाडून नळी बसवलेल्या किंवा मास्क लावलेल्या रुग्णाजवळ ती उडू देऊ नका. चिमूटभर पूड बाहेर वाटीत पाण्याने कालवून ओलं बोट कपाळाला टेकवा, जखमेपासून आणि सलाईनच्या जागेपासून दूर. पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाच्या खोलीत ताजी फुलं, तुळशीची कुंडी, देवळातलं तीर्थ आणि उघडा प्रसाद नको. पाकीटबंद खडीसाखर किंवा सोलून खायचं फळ चालेल का, ते आहारतज्ज्ञांना विचारा.

गंगाजलाचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण शेवटच्या क्षणी घाईघाईत चमच्याने पाणी ओतलं जातं आणि गिळता न येणाऱ्या माणसाच्या श्वासनलिकेत ते जातं. मग शेवटचे तास धापा टाकत, खोकत जातात. पद्धत अशी ठेवा. सिस्टरला सांगून परवानगी घ्या. उकळून गार केलेल्या अर्ध्या वाटी पाण्यात गंगाजलाचा एक थेंब टाका. खाटेचं डोकं ३० ते ४५ अंश वर करून रुग्णाची मान एका कुशीला वळवा. निर्जंतुक गॉजची लहान घडी त्या पाण्यात बुडवून थेंब गळायचा थांबेपर्यंत पिळा. मग ओठ आणि गालाची आतली बाजू हलकेच पुसा. दात घट्ट आवळले जात असतील तर गॉज आत घालू नका, ओठांवरच फिरवा. घरातल्या प्रत्येकाला हे करायचं असेल तर प्रत्येक वेळी नवी घडी घ्या. तुळशीचं पान धुऊन हातात किंवा छातीवर ठेवा. तोंडात ठेवलं तर ते घशात घसरतं. प्राण गेल्यावर ते तोंडात ठेवता येतं. तोंडात घोटभर पाणी गेलंच पाहिजे असा आग्रह असेल तर गुरुजींना फोन लावून ओठांना स्पर्श पुरेल का, ते त्यांच्याच तोंडून घरच्यांना ऐकवा.

भुईवर घ्यायचा आग्रहही अनेक घरांत असतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला ते शक्य नसतं. खाट सगळ्यात खालच्या पातळीवर आणणं आणि उशाशी दर्भ ठेवणं, अशी तडजोड बऱ्याच कुटुंबांना पटते.

माळ, जानवं, ताईत, गंडा, मंगळसूत्र, कडं कधीही न विचारता कापू नका. आधी विचारलं तर नकार क्वचितच येतो. न विचारता कापलेला काळा दोरा मात्र घरचे वर्षानुवर्षं विसरत नाहीत, आणि पुढे काही बिघडलं तर त्याचंच कारण सांगतात. एमआरआयला धातू अजिबात चालत नाही, आणि ताइताच्या आत बऱ्याचदा तांब्याचा किंवा चांदीचा पत्रा असतो, हे मुद्दाम सांगावं लागतं. शस्त्रक्रियेआधी काढलेल्या वस्तूची नोंद करून नातेवाइकाची सही घ्या. तुळशीची माळ किंवा जानवं ऑपरेशनच्या जागेपासून दूर, मनगटाला गुंडाळून ठेवता येईल का, हे आदल्या संध्याकाळी सर्जनना विचारा. ऑपरेशन थिएटरच्या दारात ते विचारून उपयोग नसतो.

उपवासाचं धोक्याचं उदाहरण डायलिसिसचं. आषाढीला "फक्त फराळ" म्हणून बटाटा, रताळं, खजूर, केळी, शहाळ्याचं पाणी पोटात जातं. या सगळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि किडनी बंद असेल तर ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडतात. उपवास मोडा म्हणण्याऐवजी आठवडाभर आधी आहारतज्ज्ञांकडून भगर किंवा दुसरं काय, किती चालेल ते लिहून घ्या. रोज्यात इन्सुलिनच्या वेळा आणि मात्रा बदलाव्या लागतात. इस्लाममध्ये आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, पण ते मौलानांनी सांगितलेलं जास्त पटतं. चौविहार पाळणारे जैन रुग्ण सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. औषधांच्या वेळा त्याप्रमाणे बसवता येतात का, हे दाखल होतानाच पाहावं. बऱ्याच कॅप्सूलच्या कवचात प्राण्यांपासून बनलेलं जिलेटिन असतं, रक्त गोठू न देणारं हेपारिन डुकराच्या आतड्यापासून बनतं. कोणी विचारलं तर खरं सांगा, पर्याय डॉक्टरांना विचारा, आणि कॅप्सूल फोडून देण्याचा उद्योग आपल्या मनाने करू नका.

एक हद्द पक्की आहे. कोणी बाबा किंवा भगत "सलाईन काढा, औषध बंद करा" म्हणत असेल तर तो श्रद्धेचा प्रश्न उरत नाही. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्र-गंडे करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. डॉक्टरांना ताबडतोब कळवा. आणि स्वतः कुठल्याही पंथाची पुस्तकं वाटू नका, फोटो उशाशी ठेवू नका, दक्षिणा घेऊ नका. असहाय माणसासमोर आपल्या देवाचा प्रचार करणं हा अत्याचारच आहे.

गृहीत धरू नये असं काही

आडनाव मराठी, म्हणून गंगाजल आणून ठेवलं, ही नेहमीची चूक. घर बौद्ध असेल तर तिथे त्रिशरण-पंचशील हवं असतं. १९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. महानुभाव कुटुंब इतर देवतांचा प्रसाद घेत नाही. लिंगायत रुग्णाच्या गळ्यातलं इष्टलिंग काढणं ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे, आणि मृत्यूनंतर त्यांच्यात बसलेल्या स्थितीत दफन करतात. ते आधी कळलं नाही तर शरीर शवागारात आडवं ताठतं. मृत्यूनंतर दोन ते चार तासांत स्नायू ताठू लागतात, म्हणून पायांची मांडी कधी घालायची, हे घरच्यांशी आणि सिस्टरशी आधीच ठरवून ठेवावं.

मुस्लिम रुग्णाचा चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला करायचा असतो. महाराष्ट्रातून ती दिशा पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली. खाट फिरवता येत नसेल तर मान तेवढी वळवली तरी चालेल का, हे घरच्यांना विचारा. कलमा आणि कुराणातला यासीन हा अध्याय हळू आवाजात वाचायला जागा करून द्या. गुस्ल, म्हणजे दफनाआधीचं स्नान, सहसा त्याच लिंगाच्या व्यक्तींनी द्यायचं असतं आणि दफन लवकर करायचं असतं, म्हणून कागदपत्रांची तयारी आधीपासून ठेवा. कॅथलिक रुग्णाला आजाऱ्यांचा अभ्यंगविधी फक्त धर्मगुरू देऊ शकतात, आणि तो जिवंतपणीच. वसई असो वा गोवा, फादरना वेळेवर फोन गेला पाहिजे. तो विधी फक्त मरणाऱ्यांसाठी असतो, असा गैरसमज असल्यामुळे घरचे बोलवायला घाबरतात. गंभीर आजारात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेआधीही तो घेता येतो. नवजात बाळ वाचणार नाही असं दिसलं आणि आई-वडिलांनी मागितलं तर आणीबाणीचा बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो, अगदी ख्रिस्ती नसलेली सिस्टरही. सिरिंजमधून निर्जंतुक, कोमट पाण्याचे चार थेंब बाळाच्या डोक्यावरून ओघळू द्यायचे आणि त्याच वेळी म्हणायचं, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते." शीख रुग्णाचे केस कापण्याआधी विचारा, पारशी रुग्णाची सुद्रो-कुस्ती (पवित्र सदरा आणि कमरेचा दोरा) काढण्याआधी विचारा.

मृत जन्मलेल्या बाळाबाबत "तिला दाखवू नका, धक्का बसेल" असं घरातली वडीलधारी ठरवून टाकतात. आईला स्वतंत्रपणे विचारा. बघायचं असेल तर बाळाला पुसून दुपट्यात गुंडाळून आणा. ते गार लागेल, त्वचेचा रंग वेगळा असेल, हे आधी सांगा. पावलांचे ठसे हवेत का, तेही विचारा. आज नको म्हणाली तरी ठसे घेऊन पाकिटात ठेवता येतात. नाव ठेवायचं की नाही, ते तिला आणि बाळाच्या बापाला ठरवू द्या.

शेवट जवळ आल्यावर

हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसते, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर होते. घरघर ऐकून नातेवाईक घाबरतात. ती घशात साठलेल्या स्रावाची असते आणि बेशुद्ध रुग्णाला तिचा त्रास होत नसावा, हे त्यांना डॉक्टरांकडून ऐकवा. कुशीवर वळवल्याने ती बऱ्याचदा कमी होते.

ऐकू येतंय असं धरूनच सगळ्यांनी वागायचं. खाटेशी बिलाची, वाटणीची बोलणी नकोत. हरिपाठ, विष्णुसहस्रनाम, नवकार, यासीन, बुद्धवंदना जे काही असेल ते कानाशी, बोलण्याच्या आवाजात. मोबाइलवर लावायचं तर एकच, रुग्णाच्या ओळखीच्या आवाजातलं. न्यू जर्सीत किंवा दुबईत असलेल्या मुलाला व्हिडिओ कॉल लावण्याआधी त्याला दोन मिनिटं तयार करा: चेहरा सुजलाय, तोंडात नळी आहे, डोळे उघडणार नाहीत. मग फोन रुग्णाच्या कानाजवळ धरा आणि मुलाला सांगा, "आता बोला, मी फोन धरून उभी आहे."

"घरी नेतो" असं कुटुंब म्हणालं तर त्यांच्या हातात सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जचा कागद टेकवण्याआधी पॅलिएटिव्ह टीमला बोलवा. नीट आखलेल्या डिस्चार्जला चार गोष्टी लागतात: दुखणं आणि धाप यांची औषधं लिहून आणि हातात, गरज असल्यास ऑक्सिजन, वाटेतच प्राण गेला तर काय करायचं याची कल्पना, आणि घरी येऊन मृत्यूचा दाखला देणारा डॉक्टर. हा शेवटचा मुद्दा राहतो आणि मग घरचे रात्री दोन वाजता दवाखान्यांची दारं ठोठावतात. रुग्णालयातल्या मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र नमुना ४ वर मिळतं, घरच्या मृत्यूचं नमुना ४अ वर, आणि ते शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचं असतं. नोंदणीची मुदत २१ दिवस.

प्राण गेल्यानंतर

पोलीस केस असेल तर नळ्या, सलाईन, कपडे कशालाही हात लावू देऊ नका. शवविच्छेदन नाकारता येत नाही, हे स्पष्ट सांगा, पण लवकर व्हावं म्हणून विनंती करता येते. नोव्हेंबर २०२१ पासून सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही ते करता येतं. खून, आत्महत्या, कुजलेला मृतदेह, घातपाताचा संशय अशा प्रकरणांत मात्र सहसा नाही.

पोलीस केस नसेल तर नळ्या काढेपर्यंत घरच्यांना पडद्याबाहेर थांबवा आणि मग आत बोलवा. डोळे मिटा, हनुवटी पट्टीने बांधा, हातपाय सरळ करा. तोंड पुसायला मुलीला किंवा सुनेला हातभार लावायचा असेल तर लावू द्या. नेत्रदान करायचं असेल तर ते सहा तासांच्या आत. नेत्रपेढीला फोन करा, पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोकं उशीवर किंचित उंच ठेवा. अवयवदानाचा विषय तुम्ही काढू नका. मेंदूमृत्यू समितीने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून जाहीर केल्यावर प्रत्यारोपण समन्वयक तो काढतात. त्यानंतर कुटुंबाला आपल्या धर्मात चालतं का, हे कोणाला विचारायचं असेल तर तो फोन जोडून देणं हे तुमचं काम.

गेलेल्या माणसाच्या वस्तू देताना पिशवी बघून घ्या. पिवळी पिशवी जैविक कचऱ्याची असते, आणि चष्मा, कवळी, चपला त्यात घालून हातात दिल्या की काय वाटतं, ते सांगायला नको. स्वच्छ कापडी पिशवी घ्या, कपडे घडी करा, मंगळसूत्र आणि अंगठी वेगळ्या पाकिटात नोंद करून ठेवा आणि नोंदीप्रमाणे मोजून द्या. बिल थकलं म्हणून शव अडवून ठेवता येत नाही, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. असा प्रसंग आला तर समाजसेवा अधीक्षकांना लगेच गाठा.

पहिले तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा फोन करू नका. सहा आठवड्यांच्या सुमारास करा. गेलेल्याचं नाव घेऊन विचारा, "कसं चाललंय?" झोप, जेवण, कामावर जाणं यांचा अंदाज घ्या. खाणं-पिणं सुटलंय किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं तर समुपदेशकाची वेळ तुम्हीच घेऊन द्या. फोन कोणी उचलला नाही तर चार दिवसांनी पुन्हा एकदा करा.